उजव्या कडेची रेघ

ओउलूच्या बंदरावर, तिकीटखिडकीशेजारी
एक पडदा लावायचा होता:
समुद्र गोठला की बेटावर जाणाऱ्या गाड्यांना
बर्फ कुठे किती जाड, ते दाखवणारा.
काम लहान. पैसे त्याहून लहान.
आम्ही दोघं: मी, आणि रेइयो,
ज्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन
दोनदा पुढे ढकललं गेलंय.

मी शेडर लिहिला.
तीन रात्रींत बर्फ निळा झाला, आतून उजळला,
सूर्य कलला की त्याच्या पोटातले बुडबुडे दिसू लागले.
वीस लाख ठिपके, आणि प्रत्येकाला
एकाच क्षणी एकच प्रश्न: तू कुठे आहेस?
ज्याचं त्याचं उत्तर ज्यानं त्यानं द्यायचं.
शेजारी कोणता रंग झाला, विचारायची सोय नाही.
ही गोष्ट मला आधी आवडायची.
घटस्फोटानंतर राहते त्या इमारतीत
चौसष्ट घरं आहेत.

रेइयोने पाहिलं, चष्मा कपाळावर, नाक काचेला लावून.
"सुंदर," म्हणाला,
आणि राईच्या पावाचा चुरा कीबोर्डवर सांडत
स्वतःचं लिहायला बसला.
दोन लूप, एकात एक.
वरची ओळ डावीकडून उजवीकडे, मग तिच्या खालची,
त्याच्या आईच्या मागावर
चिंध्यांची सतरंजी इंचाइंचाने पुढे सरके, तशी.
"याला मागचा ठिपका आठवतो."
"म्हणून तर रांगतो," मी म्हणाले.
सेकंदाला अकरा चित्रं त्याची. माझी साठ.

दोन आठवडे भांडलो.
तो म्हणे, चिप दुसऱ्याची, ड्रायव्हर तिसऱ्याचा,
तू पत्र लिहितेस
आणि वाचणारा कोण, तुला ठाऊक नाही.
मी म्हणे, नळ असताना तू ओंजळीने पाणी भरतोस.
तो हसला नाही.
त्याच्या उन्हाळ्यातल्या घरी अजून विहीरच आहे.

जानेवारीत, उणे सव्वीसला, पडदा टांगायला गेलो.
खिडकीमागची पेटी निघाली अकरा वर्षांची,
ग्राफिक्स कार्ड नावापुरतं.
माझा बर्फ तिच्यावर गुलाबी आला.
सगळाच. किनाऱ्यापासून बेटापर्यंत
नुकत्याच सोललेल्या कोळंबीसारखा.
तिकीटवाली हसली, मग तिनं कॉफी दिली.
रेइयो काही बोलला नाही,
आणि त्याचं न बोलणं
कॉफी संपली तरी चाललं होतं.
मग त्याने आपली फाईल चढवली:
राखाडी, सपाट बर्फ,
बाहेर खिडकीतून दिसत होता तसाच.
सेकंदाला अकरा चित्रं.
बर्फाला कसली घाई.

आठवड्याने अर्मासचा फोन.
तो बर्फाला भोकं पाडून खाली जाळी सोडतो,
चाळीस हिवाळे झाले.
"उजव्या कडेला ती काळी रेघ, वरपासून खालपर्यंत,
भेग आहे ना?
तिच्यापायी रोज चार किलोमीटर वळसा पडतोय."

मी कोड उघडला.
आतला लूप कडेच्या एक पाऊल अलीकडे थांबत होता.
एका ठिपक्याच्या रुंदीचा स्तंभ.
एक हजार ऐंशी ठिपके,
ज्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.
माझ्याकडे हे झालं नसतं,
तिथे एकालाही वगळायचं म्हटलं तर वेगळं सांगावं लागतं.
हे रेइयोला ऐकवायचं मी मनात घोळवलं,
चारदा तरी.

पण रेघ त्याला दिसलीच नव्हती.
पडद्याशी नाक लावून उभा होता तेव्हाही नाही,
आणि मला
त्याच्याकडे पाहण्याच्या नादात दिसली नव्हती.

मी 'उणे एक' खोडलं. कुणाला सांगितलं नाही.
अर्मासला फोन केला: भेग नव्हती, आमची चूक होती,
आता गेली.
पलीकडे बराच वेळ वारा ऐकू येत राहिला.
"बरं," तो म्हणाला,
"तरी महिनाभर मी वळसाच घेईन.
उगाच कुणी रेघ काढत नाही."